तीन होकार आणि आई

मी फ्लॅट विकते. गंगापूर रोडच्या पुढे, जिथे परवापरवापर्यंत द्राक्षबागा होत्या, तिथे आता आमच्या साहेबांच्या इमारती उभ्या आहेत. तिथल्या ऑफिसात आलेल्या माणसाला चहा पाजायचा, सॅम्पल फ्लॅट दाखवायचा आणि त्याच्या तोंडून ‘घेऊ’ वदवून घ्यायचं, हे माझं काम. फ्लॅट एकच असतो. पण मुंबईचं जोडपं आलं की मी त्यांना थेट बाल्कनीत नेते, लांबचे डोंगर दाखवते आणि जरा वेळ नुसती गप्प उभी राहते. निफाडच्या बागायतदाराला बाल्कनीत नेऊन काय करायचंय? हवा त्याच्याकडे एकरांनी पडलीय. त्याला आधी पार्किंगमध्ये न्यायचं, मोठी गाडी एका दमात कशी वळते ते दाखवायचं आणि मुलांच्या शाळांबद्दल बोलायचं. पंचवटीतलं जुनं घर सोडून कुणी येत असेल तर सगळ्यात आधी देवघराचा कोपरा. खोटं मी बोलत नाही हं. कुणापुढे काय आधी ठेवायचं, एवढंच बघते. नव्या पोरांना साहेब माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, “बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. ताईंकडून शिका.”

एकदा ही सवय लागली की ती ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. नवऱ्याला काय सांगायचं, सासूबाईंना तेच कसं सांगायचं, गॅसवाल्याशी कुठल्या आवाजात बोलायचं, सगळं आपोआप होतं. घरात कुणाचं काही अडलं की ‘हिला पाठवा’ ठरलेलं. मलाही ते आवडायचं, उगाच का नाही म्हणू?

तर गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मी आईकडे मेथी निवडत बसले होते. बाबा गेल्यापासून आई इंदिरानगरच्या घरात एकटी राहते आणि मी आठवड्यातून दोनदा तरी तिकडे जाते. आईने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे ती प्रस्तावना वगैरे करत नाही.

“मला लग्न करायचंय,” ती म्हणाली.

“कुणाचं?” मी विचारलं. मला वाटलं, शेजारच्या मुलीसाठी स्थळ बघतेय.

“कुणाचं म्हणजे? माझं.”

मेथीची जुडी माझ्या हातात तशीच राहिली. मग तिने सांगितलं. जॉगिंग ट्रॅकवर सकाळी फिरायला येणारे एक गृहस्थ. रेल्वेतून निवृत्त झालेले, उभी नोकरी मनमाडला काढली, आता नाशिकरोडला राहतात. बायको जाऊन काही वर्षं झाली. साखरेचा त्रास आहे, इन्सुलिन घेतात. एक मुलगी, ती मनमाडलाच शिक्षिका आहे. नाशिकरोडहून इंदिरानगरपर्यंत हा माणूस नुसता चालायला येतो म्हटल्यावर खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं.

“पण एक आहे,” आई म्हणाली. “कुणाचं मन मोडून मला काही करायचं नाही. माझा भाऊ, तुझे काका आणि यांची ती मनमाडची मुलगी, हे तिघं हो म्हणाले तर करीन. एकानेही नाही म्हटलं तर विषय संपला. मी पुन्हा काढणार नाही आणि तूही काढायचा नाहीस.”

ती बोलली तेव्हा तिचा चेहरा कसा दिसत होता, ते मी पाहिलंच नाही. मी मनात लागलीच कामाला लागले होते. काकांना काय सांगायचं, मामांना काय, त्या मुलीला काय.

“तू काही काळजी करू नकोस,” मी म्हटलं. “तिघांचे होकार मी आणते.”

“बघ बाई,” आई म्हणाली आणि देठं कचऱ्यात टाकायला उठली.

त्या दिवसापासून माझ्या पायाला भिंगरी लागली. रात्री झोप येईना, ऑफिसात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाला बाथरूमच्या टाइल्स सांगता सांगता मी मध्येच थांबले आणि तो “मॅडम, पुढे?” म्हणाला तेव्हा भानावर आले. सिंहस्थाच्या नावाने शहरभर रस्ते खोदून ठेवलेत, त्या खड्ड्यांतून स्कूटर हाणत मी मनातल्या मनात भाषणं जुळवत होते. द्वारका चौकात एका रिक्षावाल्याशी मी इतकी भांडले की तोच शेवटी म्हणाला, “ताई, घरी काही झालंय का?” काय सांगणार त्याला? आईचं लग्न ठरतंय म्हणून?

पहिले मामा. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, निफाडला त्यांची द्राक्षबाग आहे. तिकडे थंडी लय म्हणजे लय. पहाटे पारा उतरला की मणी तडकतात, म्हणून मामा बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतात. मी सकाळी पोचले तर ते डोळे तांबडे करून ओट्यावर बसले होते, अंगाला धुराचा वास. अशा माणसापुढे ‘आईला सोबत हवीय, मनाला आधार’ असलं काही बोलून उपयोग नव्हता. मामांना कळतं ते राखण. बाग असो की बहीण, एकटं सोडायचं नाही, हे त्यांचं सूत्र.

“मामा,” लग्नाचा विषय काढून मी म्हटलं, “आई रात्रीची एकटी असते. बाथरूममध्ये कुणी घसरून पडलं तर सकाळपर्यंत कळायचं नाही.”

“पडली व्हती का अक्का?” मामा ताठ झाले.

आता खरं सांगायचं तर पडले होते मी. दिवाळीत आईकडे राहिले होते तेव्हा साबणावरून पाय सटकला आणि कोपर सुजलं. पण त्या घरात कुणीतरी पडलं होतं एवढं तर खरंच ना? मी मान हलवली. नक्की कशी हलवली ते मलाही सांगता यायचं नाही.

“अरारारा,” मामा म्हणाले. “आन आमाला सांगितलं बी नाय. बरं, मानूस कसा हाय?”

“धडधाकट आहे. रेल्वेतला.”

“मंग करून टाका. रात्रीचं कुनीतरी घरात पायजे.”

इतकं सोपं! मामींनी हातावर गुळाचा खडा ठेवला. मला आनंद व्हायला हवा होता. पण परत येताना चांदोरीजवळ मी गाडी कडेला लावली आणि उगाचच उसाच्या रसाचा एक ग्लास घेतला, अर्धा सांडला. मग पुढे निघाले.

मग काका. हे बाबांचे धाकटे भाऊ. बाबांहून खूप लहान, जवळजवळ बाबांनीच वाढवलेले. पंचवटीत घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पूजेच्या साहित्याचं दुकान आहे. बाबा गेल्यापासून काका आमच्याकडे सणासुदीला येतात, नारळ आणि पेढे ठेवतात, चहा घेतात आणि जातात. बाबांचं नाव घरात निघत नाही. मी निघू देत नाही. कुणी काढलं की मी पटकन म्हणते, “चहा टाकू का?” कारण ते नाव निघालं की आई हातातलं काम ठेवून देते, काका खिडकीबाहेर बघायला लागतात आणि मला तिथे बसवत नाही. कशाला हवंय?

काकांच्या दुकानात मी चांगला तासभर बसले. यात्रेकरू येत होते, काका फुलवाती मोजून देत होते. त्यांच्यापुढे रात्रीची भीती वगैरे काढली असती तर ते म्हणाले असते, मग माझ्याकडे राहायला येऊ देत, वहिनी जड नाहीत मला. म्हणून लग्नाचं सांगताना मी दुसरीकडून गेले.

“काका, आईचा प्रपंच आता संपला,” मी म्हटलं. “तिला यात्रा करायच्यात. नर्मदा परिक्रमा करायचीय. एकट्या बाईने कुठे जायचं? ते गृहस्थही धार्मिक आहेत. संसार वगैरे काही नाही हो यात. देवाधर्माला सोबत, एवढंच.”

काका उदबत्तीचे पुडे लावत होते. बराच वेळ लावत राहिले.

“दादाचं श्राद्ध?” त्यांनी विचारलं.

“ते जसं होतं तसंच. त्यात काही बदल नाही.”

“मग देवाच्या कामात मी कशाला आडवा येऊ?” काका म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. हो तर मिळाला. मी गर्दीतून जवळजवळ पळतच बाहेर पडले आणि स्कूटर कुठे लावली तेच विसरले. दोन गल्ल्या शोधत फिरले. सगळं मनासारखं होत होतं आणि मला मात्र कुणावर तरी ओरडावंसं वाटत होतं.

राहिली मनमाडची मुलगी. तिच्याकडे मी नाशिकरोडहून गाडी पकडून गेले. माझ्याच वयाची, कपाळावर आठी, शाळेतून नुकतीच आलेली. दार उघडल्या उघडल्या म्हणाली, “माझ्या आईची जागा कुणी घ्यावी असं मला वाटत नाही. आधीच सांगते.”

मला ती आवडली. गिऱ्हाईक आधीच ‘घ्यायचं नाही’ म्हणून आलं की माझं डोकं थंड होतं. मी तिच्या आईबद्दल एक शब्द काढला नाही. तिच्या वडिलांच्या साखरेबद्दल बोलले. इन्सुलिन घेतात, वेळेवर जेवत नाहीत, इथून तुम्ही किती लक्ष ठेवणार? माझी आई शिस्तीची आहे, गणिताची बाई आहे, ग्रॅम मोजून वाढेल. जागा कुणाचीच कुणी घेत नाहीये. घरात एक जबाबदार माणूस असेल, बस.

तिचे डोळे भरून आले. “ट्रॅकवरून येताना जिलबी खातात हो ते,” ती म्हणाली. “मला शेजाऱ्यांनी सांगितलं.”

“आई असली की कसली जिलबी!” मी म्हटलं.

तिसरा होकार. परतीच्या गाडीत मला बसायला जागा होती, तरी मी दारापाशी उभी राहिले. आईला फोन करून सांगितलं, “झालं. तिघंही हो म्हणाले.” आई पलीकडे नुसतं “अगंबाई” म्हणाली. तिच्या आवाजात जे होतं ते ऐकून मला का कोण जाणे, चीड आली. मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

रविवारी सगळ्यांना आईकडे बोलावलं. नाशिकच्या माणसाला रविवारी मिसळीशिवाय दुसरं काय देणार? आईने पहाटेपासून रस्सा केला होता. स्वतःच्या बैठकीला स्वतःच ताटं मांडणारी नवरी मी पहिल्यांदाच बघितली. तिने जांभळी साडी नेसली होती आणि ती गुणगुणत होती. मी तिला म्हटलं, “गुणगुणू नकोस, लोक येतायत.” का म्हटलं, देवाला ठाऊक.

सगळे आले. मामा घड्याळ बघत, त्यांना संध्याकाळी बागेत परत जायचं होतं. काका नारळ घेऊन. ती मुलगी फाइल घेऊन, त्यात वडिलांचे सगळे रिपोर्ट. आणि ते गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, ठेंगण्या चणीचे, खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेले. मी मात्र कुणाला पाव वाढ, कुणाला पाणी दे, तर्री कुणाला हवी, असं करत नुसती फेऱ्या मारत होते. तिघं एकमेकांशी काय बोलतील याची मला धास्ती होती. पण मिसळ खाताना लोक बोलत नाहीत, नाक पुसतात. मला वाटलं, निभावलं.

पण आपल्याकडे चार माणसं जमली आणि कुणी दोन शब्द बोललं नाही, असं कधी झालंय? बारसं असो, बंगल्याची वास्तुशांत असो, कुणीतरी हात पुसत उठणारच. मामांनी हात पुसले.

“पाव्हनं,” ते उठून त्या गृहस्थांना म्हणाले, “मी शेतकरी मानूस, मला भाशान येत नाय. पन अक्काला रातीची लय भीती वाटती. बाथरूमात पडली ती बिचारी, कुनी उचलायला बी नव्हतं. आता तुम्ही हाये, आमची काळजी मिटली. तिला एकटी सोडू नका.”

आईने माझ्याकडे पाहिलं. गृहस्थ गडबडले. “पडलात?” त्यांनी आईला विचारलं. “मला बोलला नाहीत.”

मी “आणखी पाव आणते” म्हणून आत वळले, पण तोवर काकांनी घसा साफ केला होता. “वहिनी,” ते म्हणाले, “परिक्रमेचा संकल्प केलात, फार चांगलं केलंत. बाकी सगळं मागे टाकून देवाच्या मार्गाला लागायचं म्हणजे सोपं नाही. आपणही,” ते गृहस्थांकडे वळले, “यांना त्यात साथ देताय.”

“परिक्रमा?” गृहस्थ म्हणाले. “माझे गुडघे...”

आणि मग त्या मुलीने ती फाइल आईच्या मांडीवर उघडून ठेवली. “काकू, यात सगळं आहे. इन्सुलिनच्या वेळा मी मोठ्या अक्षरात लिहिल्यात. रात्री एकदा उठून तपासायची साखर. तुम्ही हे सगळं करायला तयार झालात, माझ्यावर फार उपकार झाले.”

आईने फाइल बंद केली, टीपॉयवर ठेवली आणि चष्मा काढून पदराने पुसला. वर्गात मारायच्या आधी ती असंच करायची.

“मी बाथरूममध्ये पडले नाही,” ती म्हणाली. “ही पडली होती. मला रात्रीची भीती वाटत नाही, पाठ टेकली की झोप लागते. परिक्रमेला मी जाणार नाही आणि हेही जाणार नाहीत. इन्सुलिन हे स्वतः टोचून घेतात. आणि बाई गं, ती जिलबी असते ना, ती आम्ही दोघं मिळून खातो. अर्धी अर्धी.”

“इन्सुलिन चालू असताना?” मुलगी किंचाळली.

“अर्धीच खातो,” गृहस्थ हळूच म्हणाले.

“मग लग्न कशाला करताय, वहिनी?” काकांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला होता.

“मला हे आवडतात,” आई म्हणाली. “म्हणून.”

त्या गृहस्थांचे कान लाल झाले. ती मुलगी फाइल परत घेऊन छातीशी धरून बसली. मामांनी आधी आईकडे पाहिलं, मग सगळा राग माझ्याकडे वळवला.

“तू काय आमाला फ्लॅट दाखवत फिरत व्हतीस व्हय गं, भवाने? याला पार्किंग, त्याला देवघर?”

“मामा, मी तुमच्या भल्यासाठी—”

“आमचं कसलं भलं?”

“आईच्या भल्यासाठी! तुम्ही हो म्हणालात ना? मग?” मी ओरडले. “आवडतात म्हणून सांगितलं असतं तर म्हणाला असतात हो? कुणी म्हणालं असतं?”

“उत्तर बरोबर आलंय तुझं,” आई म्हणाली. “रीत सगळी चुकलीय. हे हो म्हणाले ते एका घाबरट बाईला, एका जोगिणीला आणि एका नर्सला. माझ्या लग्नाला अजून कुणी हो म्हटलेलं नाही.” मग ती थांबली. “आणि तू? तुला पटलंय का?”

“मला काय विचारतेस? मीच तर सगळं—”

“तू सगळ्यांना पटवत फिरलीस. तुला पटलंय का, एवढंच विचारते.”

इतक्या लोकांपुढे. मी तोंड उघडलं. माझ्याकडे मामांसाठी कारण होतं, काकांसाठी होतं, मनमाडसाठी होतं. स्वतःसाठी हात घातला तर काहीच हाताला लागेना. आणि मग जे बाहेर आलं त्याचं मलाच आश्चर्य वाटलं.

“नाही,” मी म्हटलं. “मला नाही पटलं. मला राग येतो तुझा. तू सकाळी गुणगुणत होतीस ना, मला तुझं तोंड बंद करावंसं वाटलं. बाबा गेले, आणि तू हसतेस, साड्या काढून नेसतेस, आणि मी वेड्यासारखी गावोगाव हिंडतेय तुझं लग्न लावायला. बसले की रडू येतं म्हणून हिंडतेय. नाही पटलं मला. बास.”

मी भोकाड पसरलं. घरात एवढी माणसं असताना पोरीसारखी हुंदके देत रडले. मामांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास धरला आणि स्वतःच पिऊन टाकला. काका उठले. “मी निघतो, वहिनी,” ते म्हणाले. “दुकान उघडं टाकून आलोय.” दुकान रविवारी त्यांचा मुलगा बघतो, हे सगळ्यांना माहीत होतं. पण कुणी अडवलं नाही. गेलं, मी मनात म्हटलं, काका गेले, म्हणजे संपलं. आता आई पुन्हा विषय काढणार नाही. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि मला आणखीच जोरात रडू आलं.

आई माझ्याजवळ आली नाही. जागेवरूनच बोलली.

“तुझ्या बाबांचं नाव काढलं की तू चहा टाकतेस. माझा भाऊ बाहेर जाऊन तंबाखू मळतो. भावजी खिडकीतून बघत बसतात. मी चाळीस वर्षं संसार केला त्या माणसाबरोबर, आणि या घरात त्याच्याविषयी बोलायला मला एक माणूस मिळत नाही. सगळे मला जपता. मग मी ट्रॅकवर यांच्याशी बोलायला लागले. हे त्यांच्या बायकोचं सांगतात, मी तुझ्या बाबांचं सांगते. सांगता सांगता आम्ही हसतो. मला हसता येतं ते तिथे. यांना तुझे बाबा पाठ आहेत आता.”

काका दारापाशी पोचले होते. एक चप्पल पायात, दुसरी अंगठ्याने चाचपत होते. पाठ आमच्याकडे.

“काय सांगता त्यांना?” त्यांनी विचारलं. “दादाचं. काय सांगता?”

आईने गृहस्थांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या टोकावरून आणखी पुढे सरकले.

“पुष्कळ सांगतात,” ते म्हणाले. “म्हणजे, ते इगतपुरीचं. नवीन लग्न झालेलं, कल्याणला निघाले होते. गाडी इगतपुरीला थांबली आणि ते वडे आणायला उतरले. तेवढ्यात गाडी सुटली. या डब्यात, ते फलाटावर. मागच्या गाडीने कल्याणला पोचले तेव्हा वड्याची पुडी तशीच हातात. सगळा वेळ उपाशी, पण एक वडा खाल्ला नव्हता.”

मी हे कधी ऐकलं नव्हतं. माझ्या बाबांची गोष्ट मला नाशिकरोडचा एक परका माणूस सांगत होता, आणि मला ती माहीत नव्हती. कुणी सांगायला लागलं असेल तेव्हा मी नक्की उठून गेले असेन.

“वडे नव्हते,” काका म्हणाले. “पेरू होते.”

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

“मी होतो ना बरोबर. एवढासा होतो. पेरू पाहिजे म्हणून मीच गळा काढला होता. वहिनी नवी नवरी, त्यांना काय करावं कळेना. म्हणून उतरला दादा.” ते वळले. “माझ्यासाठी उतरला होता तो.”

“अगंबाई, हो की,” आई म्हणाली. “पेरूच. तुम्ही होतात, भावजी.”

काका तिथेच उभे, एका पायात चप्पल. चहा टाकू का, हे माझ्या अगदी ओठांवर आलं. मी ते गिळलं.

“मग?” मी विचारलं. “गाडी सुटल्यावर तुम्ही काय केलंत, काका?”

काकांनी चप्पल काढली. आत आले आणि त्या गृहस्थांशेजारच्या खुर्चीत बसले.

“मी काय करणार?” ते म्हणाले. “वहिनींचा पदर घट्ट धरून बसलो. थेट कल्याणपर्यंत.”